वाढत्या वयातले समाधान : शाळा, सवयी आणि मुलगी असणे

ताप थर्मामीटरने मोजता येतो, रक्तदाब यंत्राने मोजता येतो, अंगात रक्त किती आहे हे बोटाला टोचून कळते. पण चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आपल्या आयुष्याबद्दल समाधानी आहे की नाही, हे कशाने मोजायचे? बरेच पालक म्हणतील, त्यात मोजायचे काय? दोन वेळा जेवायला मिळते, अंगावर कपडा आहे, शाळेची फी भरली आहे. मग समाधानी नसायला झाले काय?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, पण तो मोजण्याचे साधन मात्र अगदी सोपे आहे. हॅडली कॅन्ट्रिल नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६५ साली ते प्रसिद्ध केले. मुलापुढे एका शिडीचे चित्र ठेवायचे. सर्वांत खालची पायरी शून्य, सर्वांत वरची दहा. दहा म्हणजे तुला शक्य असलेले सर्वांत चांगले आयुष्य, शून्य म्हणजे सर्वांत वाईट. मग विचारायचे, ‘सध्या तू कोणत्या पायरीवर उभा आहेस असे तुला वाटते?’ एवढेच. यात मार्क नाहीत, वजन-उंची नाही. उत्तर मुलाचे स्वतःचे असते आणि ते चूक ठरवण्याचा अधिकार कोणालाही नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने युरोपातील देशांत (आणि कॅनडात) दर चार वर्षांनी अकरा, तेरा व पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची मोठी पाहणी होते. तिच्यात हीच शिडी वापरतात. वर्षानुवर्षे तिच्यातून एकच चित्र पुढे येते. अकराव्या वर्षी मुले आणि मुली साधारण एकाच पायरीवर असतात. वय वाढते तशी दोघेही खाली उतरतात, पण मुली जास्त वेगाने उतरतात. पंधराव्या वर्षी दोघांत चांगलेच अंतर पडलेले असते. २०२१-२२ च्या फेरीत पंधरा वर्षांच्या मुलींपैकी ६३ टक्के मुलींनी अभ्यासाचे दडपण वाटते असे सांगितले. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ४३ टक्के होते.

कोणी म्हणेल, ती गोरी माणसे, त्यांचे वेगळे. तर आपल्याकडचे पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) २०२२ च्या सुरुवातीला देशभरातील सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना त्यांच्या मनःस्थितीविषयी प्रश्न विचारले. ७३ टक्के मुलांनी शालेय जीवनाबद्दल समाधान व्यक्त केले, ही चांगली गोष्ट. परंतु अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही काळजीची कारणे म्हणून ८१ टक्के मुलांनी सांगितली. वर्गात शंका विचारायला कचरतो असे सांगणारी मुले २८ टक्के होती. आणि मुले माध्यमिक इयत्तांत गेली की घरचे-स्वतःचे व शाळेचे, दोन्ही प्रकारचे समाधान कमी होते, असेच आपल्याकडेही आढळले. म्हणजे घसरण इथेही आहे. ती दहावीच्या वाटेवरच सुरू होते.

आता एक कोडे पाहा. दहावीच्या निकालात मुली दरवर्षी मुलांच्या पुढे असतात. २०२४ साली राज्यात ९७.२१ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुले ९४.५६ टक्के. पेपरात पहिल्या पानावर पेढा भरवतानाचे फोटो येतात तेही मुलींचेच. मग यश जिच्या पदरात जास्त, तिचे समाधान कमी का? याचे उत्तर शाळेच्या दाखल्यात सापडत नाही. ते घरातल्या स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, अंगणात आणि बरेचसे रक्तात सापडते.

रक्तापासूनच सुरुवात करू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. याच वयाच्या मुलग्यांत तो ३१.१ टक्के आहे. मुलगेही काही कमी नाहीत हे खरे, पण मुलींचा आकडा जवळजवळ दुप्पट आहे. बारा वर्षांपुढील मुलीच्या रक्तात हिमोग्लोबिन किमान १२ ग्रॅम हवे. ते नऊ-दहावर आले की मुलीला काय होते? ती आजारी पडत नाही. ती फक्त ‘अशीतशी’ होते. जिना चढताना धाप लागते, दुपारच्या तासाला डोके जड होते, वाचलेले लक्षात राहत नाही, लहानसहान गोष्टीवर चिडते आणि संध्याकाळी कोणी खेळायला बोलावले तर नको म्हणते. घरचे म्हणतात, पोरगी आळशी झाली, तोंड वाकडे करून बसते. अशा मुलीला शिडीवरची पायरी विचारली तर ती चार सांगेल. त्या चारातील एखादी पायरी निव्वळ लोहाच्या अभावाने गेलेली असते. तिला स्वभाव म्हणून नावे ठेवण्याआधी रक्त तपासून घ्यावे, तपासणी काही महागडी नाही.

मुलींतच हे जास्त का, याचे एक कारण पाळी. दर महिन्याला सरासरी तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जाते आणि त्याबरोबर पंधरा ते वीस मिलिग्रॅम लोह. त्याच वयात उंचीही झपाट्याने वाढत असते, तिलाही लोह लागते. दुसरे कारण ताटातले. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत पुरुष आधी जेवतात, नंतर मुले, शेवटी आई आणि तिच्याबरोबर मोठी मुलगी. भाजी कढईच्या तळाशी गेलेली असते. मग भाकरीबरोबर ठेचा किंवा चटणी, वर चहा. कोणी मुद्दाम उपाशी ठेवत नाही. रीतच तशी पडली आहे. पण रीतीने झालेला रक्तक्षय हाही रक्तक्षयच असतो.

खरे तर खान्देशचे अन्न या बाबतीत चांगले आहे. बाजरीत लोह भरपूर. ज्वारी आणि उडदाची कळण्याची भाकरी उत्तम. मेथी, चवळी-राजगिऱ्याच्या पालेभाज्या, तीळ, अळीव, मोड आलेली मटकी, हे सारे आपल्याच बाजारात मिळते. धान्यातले लोह अंगी लागायला मात्र आंबट लागते. म्हणून ताटात लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा हवा. जेवणाला लागून चहा मात्र नको, तो लोह अडवतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले तरी पुष्कळ फरक पडतो. केळीबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. केळी हे जळगावचे भूषण, पोटाला चांगले, ताकद देणारे. पण त्यात लोह अगदी नाममात्र असते. रोज दोन केळी खाऊन रक्त वाढेल या भरवशावर राहू नये.

शाळांत सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती रिकाम्या पोटी घेऊ नये, जेवणानंतर घ्यावी. शौचाला काळसर होते, त्याने घाबरू नये. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, जंताची गोळीही देतात. तीही चुकवू नये. परंतु ही निळी गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. आधीच बरेच कमी झालेले असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची मात्रा घ्यावी लागते. चोपडा, यावल, रावेरच्या सातपुडा पट्ट्यातील आणि धुळे-नंदुरबारकडील आदिवासी कुटुंबांनी आणखी एक लक्षात ठेवावे. तेथे सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो, त्याची चाचणी वेगळी असते आणि तो नुसत्या लोहाने बरा होत नाही.

आता सवयींकडे वळू. सकाळचा नाश्ता, झोप आणि खेळ या तीन गोष्टी ज्यांच्या नियमित असतात ती मुले शिडीवर वरची पायरी सांगतात, असे अनेक देशांत दिसून आले आहे. पण येथे वाचकांनी जरा थांबावे. नाश्ता केला म्हणून मूल समाधानी झाले, की ज्या घरात सकाळी कोणी प्रेमाने नाश्ता करून देते त्या घरातले मूल मुळातच समाधानी असते? दोन्ही शक्य आहे. अशा पाहण्यांवरून ‘पोहे खा, सुखी व्हा’ असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. तरीही सकाळच्या पाळीच्या शाळेला साडेसहाला नुसत्या चहावर निघालेली मुलगी अकरा वाजेपर्यंत गणित कसे सोडवणार, याला पाहणी कशाला हवी? रात्रीची भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून दिली तरी तो नाश्ताच.

झोपेबाबत मात्र पालकांचा एक गैरसमज आहे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. हा काही लाडावलेपणा नव्हे. त्यात आता उशाला मोबाइल आला आहे. अकरापर्यंत क्लासचा अभ्यास, बारापर्यंत मोबाइल आणि साडेपाचला आईची हाक, असा हिशेब मांडला तर दररोज तीन तासांची उधारी होते. रविवारी दुपारपर्यंत झोपून ती फिटत नाही. पहाटे चारला उठून केलेला अभ्यास चांगला, ही समजूत ज्या काळी लोक नऊला झोपत त्या काळची आहे.

आणि खेळ. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी एक तास अंग मेहनतीने हलवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ सालच्या आकड्यांप्रमाणे जगातील अकरा ते सतरा वयाची ८१ टक्के मुले तेवढे हालचाल करत नाहीत. मुली ८५ टक्के, मुलगे ७८ टक्के. आपल्याकडे यातला फरक डोळ्यांनीच दिसतो. पिंप्राळा पूर्वी वेगळे गाव होते, आज ते जळगाव शहराचाच भाग आहे. तिथल्या किंवा कुठल्याही वाडीतल्या मोकळ्या जागेवर संध्याकाळी सहाला जाऊन पाहा. क्रिकेटचे तीन डाव एकाच वेळी चाललेले असतील. त्यात मुली किती? पाचवीपर्यंतच्या चार-दोन, कडेला उभ्या. सातवीनंतर त्याही नाहीत. पाळी सुरू झाली की सायकल थांबते, दोरीवरच्या उड्या थांबतात, ‘आता मोठी झालीस’ हे वाक्य सुरू होते. मुलाला मोठे झाल्यावर मोटारसायकल मिळते, मुलीला मोठे झाल्यावर धाकटे भावंड सांभाळायला मिळते.

आपल्या जुन्या लोकांना हे कळत नव्हते असे नाही. आखाजीला खान्देशात झाडाझाडांना झोके बांधत, गावभरच्या मुली आणि माहेरवाशिणी दिवसभर त्यावर असत. भाद्रपदापासून कोजागरीपर्यंत भुलाबाईच्या निमित्ताने मुली घोळक्याने घरोघर जात, गाणी म्हणत, खाऊ ओळखत. (पुरुष मंडळी आखाजीला पत्ते कुटत, तो भाग सोडून द्या.) वर्षातले काही दिवस तरी मुलींना घराबाहेर, मैत्रिणींसोबत, कोणाच्याही कामाशिवाय राहण्याची मुभा होती. मैत्रिणी असणे आणि त्यांच्यात बसायला वेळ असणे, हे या वयात टॉनिकपेक्षा कमी नाही.

शाळेचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. शाळा म्हणजे मार्क, असे आपण धरून चाललो आहोत. पण मुलाला शाळेत बरे वाटते की नाही हे बरेचसे दोन-तीन साध्या गोष्टींवर ठरते: सर किंवा बाई मला नावाने ओळखतात का, चुकलो तर चारचौघांत अपमान होतो का, मधल्या सुटीत बसायला कोणी सोबती आहे का. मुलींच्या बाबतीत चौथी गोष्ट स्वच्छतागृहाची. दार न लागणाऱ्या, पाणी नसलेल्या स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मार्च-एप्रिलच्या आपल्या उन्हात त्याचा परिणाम डोकेदुखी आणि लघवीच्या जळजळीत होतो. पाळीच्या चार दिवसांत तर त्या शाळाच बुडवतात.

शिक्षकाने काय साधते याचे उदाहरण आपल्याच भागात आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळत. ते मुलांच्या खोल्या झाडत, भांडी-कपड्यांना हात लावत, मुलांसाठी मासिक काढत. घरापासून दूर आलेल्या मुलाला आपली कोणाला तरी काळजी आहे असे वाटले पाहिजे, हे त्यांना मानसशास्त्राच्या पदवीशिवाय समजले होते. प्रत्येक शाळेला साने गुरुजी मिळणार नाहीत हे उघड आहे. म्हणून दुसरे उदाहरण देतो. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेच्या पुढाकाराने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. काही शाळांत साध्या, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशक व्यक्ती नेमल्या. त्यांनी भित्तिपत्रक काढले, मुलांचे गट केले, नाव न लिहिता तक्रार टाकायची पेटी ठेवली, अडचण घेऊन आलेल्या मुलाशी स्वतंत्र बोलल्या. त्या शाळांत मुलांना शाळा जास्त आपली वाटू लागली, उदासपणा आणि दादागिरी कमी झाली. हेच काम जेथे आधीच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या शिक्षकांवर टाकले तेथे फरक पडला नाही. आमच्या मते यातून घ्यायचा बोध शिक्षकांना दोष देण्याचा नाही. मुलांचे ऐकणे हे वेगळे काम आहे आणि त्याला वेगळा माणूस लागतो, एवढाच आहे.

मुलग्यांबद्दल थोडेसे. ते शिडीवर वरची पायरी सांगतात म्हणून सारे ठीक आहे असे समजू नये. ‘रडतोस काय मुलीसारखा’ हे लहानपणापासून ऐकलेला मुलगा आपली पायरी खरी सांगेलच असे नाही. दहावीत अडकला की त्याला चटईच्या कारखान्यात किंवा दुकानात लावतात. घरात तो चुपचाप होतो, पानटपरीवर बोलका होतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी कोपऱ्यावर काय मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत १३ ते १५ वयाच्या मुलांपैकी ९.६ टक्के मुलगे आणि ७.४ टक्के मुली तंबाखूचे कुठले ना कुठले रूप वापरत होत्या. मुलींचा आकडा वाचून ज्यांना धक्का बसला त्यांनी घरातली मशेरीची डबी आठवावी.

मुलीच्या पायरीखाली आणखी एक फळी कुजकी असते, ती लग्नाची. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, जळगावात दिल्या. लग्न झाले तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या आणि शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्या काळी तेरा वर्षे ही रीत होती. पण २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते, आणि धुळे जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात होते. आपल्या जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे अवघ्या ८४२ मुली होत्या. त्याच मुली आता किशोरवयात आहेत किंवा ते ओलांडत आहेत. ज्या नववीतल्या मुलीला ‘पाहायला’ पाहुणे येऊन गेले, तिला पुढच्या चाचणी परीक्षेचे काय वाटणार? आपले आयुष्य आपल्या हातात थोडे तरी आहे असे वाटणे, हा समाधानाचा पाया आहे. तोच काढून घेतला तर नाश्ता आणि झोपेचे सल्ले पोकळ ठरतात.

यावर काही करता येते, याचा पुरावा शेजारच्या जिल्ह्यातलाच आहे. पैठण तालुक्यातील पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस खेड्यांतील अविवाहित मुलींसाठी एक वर्ग सुरू केला. त्यांतील बहुतेक शाळा सुटलेल्या, शेतात कामाला जाणाऱ्या होत्या. आठवड्याचे पाच दिवस, संध्याकाळी एक तास, वर्षभर. शिकवणाऱ्या बाया गावातल्याच, फार शिकलेल्या नव्हेत. आरोग्य, आहार, ग्रामपंचायत-बँक कशी चालते, घरात आपले म्हणणे कसे मांडायचे, असे विषय. त्या गावांत होणाऱ्या लग्नांपैकी ११ ते १७ वयाच्या मुलींची लग्ने १९९७ साली ८०.७ टक्के होती, ती २००१ साली ६१.८ टक्क्यांवर आली. लग्नाचे मधले वय सोळावरून सतरा झाले. एक वर्ष म्हणजे काही फार नाही, असे वाटेल. सोळाव्या वर्षी बाळंत होणाऱ्या मुलीला विचारा.

आईवडिलांनी घरी ही शिडी वापरून पाहायला हरकत नाही. कागदावर शून्य ते दहा अशा अकरा रेघा ओढा आणि भांडण नसेल अशा वेळी विचारा. उत्तर काहीही येवो, लगेच ‘आम्ही तुला काय कमी केले?’ असे म्हणू नका. त्या वाक्याने संवाद जागीच संपतो. त्याऐवजी विचारा, ‘एक पायरी वर यायला काय लागेल?’ उत्तरे बहुधा आपल्याला वाटतात त्यापेक्षा स्वस्त असतात: क्लासचा एक दिवस कमी, मावशीकडे दोन दिवस, न्हाणीघराला कडी, शेजारच्या काकांसमोर मार्क न सांगणे. पायरी दोनच्या खाली सांगितली, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल नीट जेवत-झोपत नाही, मित्रमैत्रिणी टाळते, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलते, तर ती धमकी समजू नये आणि निकालाच्या दिवसापर्यंत वाटही पाहू नये. मुलाला एकटे न ठेवता डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. अल्पवयीन मुलीचे लग्न ठरत असल्याचे कळले, किंवा मूल कोणत्याही संकटात असेल, तर १०९८ वर कळवता येते.